‘सूरराई पोट्रू’मधला न झालेला नकार

‘सूरराई पोट्रू’ जवळजवळ संपत आलेला असतो. मारा जिंकलेला असतो. गावची म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानातून उतरलेली असतात आणि आपले डोळे ओले झालेले असतात. तेवढ्यात बालय्या नावाच्या बड्या उद्योगपतीचा फोन येतो. म्हणतो, आपण एकत्र येऊ. मारा नम्रपणे नाही म्हणतो. सिनेमा संपतो.

सिनेमातला सगळ्यात मोठा बदल मला या काही सेकंदांत दिसतो. ज्यांच्या आयुष्यावर तो बेतला आहे त्या कॅप्टन गोपीनाथांना खऱ्या आयुष्यात असा नकार देणं जमलं नाही. २००७मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने एअर डेक्कनचा २६ टक्के हिस्सा सुमारे ५५० कोटींना घेतला आणि पुढच्या चार वर्षांत भारतातली पहिली स्वस्त विमानकंपनी नावासकट संपली.

सत्यकथेवरच्या सिनेमाने थोडं इकडचं तिकडे करणं मला चालतं. गोपीनाथ लष्करात होते, मारा हवाई दलात आहे. गोपीनाथ कर्नाटकातले, मारा मदुराईकडचा. त्याने काही बिघडत नाही. उलट सुधा कोंगराने केलेले काही बदल मूळ गोष्टीपेक्षा धारदार आहेत. परेश रावलचा परेश गोस्वामी साध्या माणसाशी हात मिळवल्यावर सॅनिटायझर चोळतो. विमानप्रवास कोणासाठी असतो आणि कोणासाठी नसतो, हे त्या एका कृतीत कळतं. मारा काळा शर्ट घालून, भटजीशिवाय लग्न करतो. त्याला किमतीची भिंत तर पाडायचीच आहे, पण जातीचीही पाडायची आहे. आणि विमानतळावरचा तो प्रसंग! बाप मरणाच्या दारात, तिकिटाला पैसे कमी पडतायत, आणि सूर्या अनोळखी प्रवाशांपुढे हात पसरतोय. सूर्याचं राष्ट्रीय पारितोषिक त्या एका प्रसंगासाठी दिलं असतं तरी माझी हरकत नव्हती.

हाच सिनेमा २०२४मध्ये ‘सरफिरा’ होऊन हिंदीत आला, तेव्हा मारा महाराष्ट्रातला वीर म्हात्रे झाला. मला उत्सुकता होती. तमिळ स्वाभिमान विवाहाचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे, सत्यशोधक विवाह. किमतीच्या भिंतीमागे जातीची भिंत बघायला महाराष्ट्राइतकी तयार जमीन कुठे मिळणार? पण ‘सरफिरा’ने आडनाव उचललं, थोडी मराठी उचलली, आणि तो धागा मात्र पातळ करून टाकला. उरला एक जिद्दी माणूस आणि एक दुष्ट माणूस.

माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो, आणि तो दोन्ही सिनेमांवर आहे. दोन्हीत लढाई माणसांची आहे. गोस्वामी फोन फिरवतो, परवानगी अडते. गोस्वामी पैसे चारतो, विमान अडकतं. म्हणजे खलनायक हरला की गोष्ट संपली. खऱ्या एअर डेक्कनला बुडवणाऱ्या गोष्टींना असा एक चेहरा नव्हता.

जरा हिशेब मांडू. २००३च्या ऑगस्टमध्ये छोट्या एटीआर विमानांवर कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी उद्घाटनाच्या एका उड्डाणाआधीच इंजिनाला आग लागली, तरी लोक आले. वेबसाइटवर तिकीट, फुकट जेवण नाही, काही जागा चक्क एक रुपयात. चार वर्षांत साठहून जास्त शहरं. पण २००५मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६मध्ये इंडिगो आली. सगळ्यांकडे तेच गणित, आणि नवी विमानं. तिकीट स्वस्त ठेवायचं तर विमानं वाढवायची, विमानं वाढवायची तर रोख पैसा हवा. २००६च्या मध्यावर एअर डेक्कन शेअर बाजारात उतरली ती नेमकी बाजार कोसळत असताना, आणि तो इश्यू जेमतेम भरला. गोस्वामी नसता तरी मारा इथे अडकलाच असता.

आणि आता तो नियम, ज्याच्यावर खरं तर थरारपट निघायला हवा. तेव्हा परदेशी उड्डाणं करायला भारतीय कंपनीकडे देशांतर्गत सेवेची पाच वर्षं आणि वीस विमानं असणं सक्तीचं होतं. त्याला ‘५/२०’ म्हणायचे. मल्ल्यांची किंगफिशर मे २००५मध्ये उडाली. म्हणजे लंडनसाठी २०१०पर्यंत थांबा. एअर डेक्कनची पाच वर्षं मात्र ऑगस्ट २००८मध्ये भरत होती. मग कागदोपत्री किंगफिशर डेक्कनच्या कंपनीत विलीन झाली आणि त्या कंपनीचं नाव किंगफिशर ठेवलं गेलं. मोठा मासा छोट्याच्या पोटात शिरला आणि पोटावर स्वतःची पाटी लावली. सप्टेंबर २००८मध्ये किंगफिशरचं बंगळुरू-लंडन विमान उडालं.

हे वाचलं तेव्हा मला ओळखीचं वाटलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. तिला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. केक कापला, टी-शर्ट वाटले. दीड वर्षात आमचं प्रॉडक्ट बंद झालं, कारण त्यांना प्रॉडक्ट नकोच होतं, आमचे दोन मोठे ग्राहक हवे होते. आम्हाला कोणी छळलं नाही, सगळे गोड बोलत होते. परेश गोस्वामीसारखा माणूस समोर असता तर निदान चिडायला तरी कोणी मिळालं असतं.

डेक्कनचं वयच विकत घेतलं गेलं, असं मला वाटतं. बाकीचं मग अडचणच होतं. तिचा चेहरा होता आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. नाव बदलून ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ झालं तेव्हा तो गेला आणि किंगफिशरचा पक्षी आला. मग ‘किंगफिशर रेड’ झालं. २००८च्या जुलैमध्ये कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत गेलं, भाडी चढली, आणि स्वस्त तिकीट शोधणारा गिऱ्हाईक दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. २०११मध्ये मल्ल्यांनी स्वस्त सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये अख्खी किंगफिशरच जमिनीवर आली, कर्मचाऱ्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकवून. पुढे २०१९मध्ये जेटही थांबली. गोस्वामीही हरले, माराही हरला. जिंकली ती कंटाळवाणी वाटणारी, एकाच प्रकारची विमानं घेऊन वेळेवर उडायचा हट्ट धरणारी इंडिगो.

मग सिनेमा खोटा का? तसं मी म्हणणार नाही. एक गोष्ट खरीच घडली. कॉमन मॅन विमानात बसला आणि परत खाली उतरला नाही. कंपनी मेली, पण तिचा विचार दुसऱ्यांनी चालवला. हे यश आहे, फक्त ते संस्थापकाच्या नावावर जमा झालेलं नाही. असं यश दाखवायला अवघड असतं आणि दोन्ही सिनेमांनी ती मेहनत टाळली. माराने फोनवर ‘हो’ म्हटलं असतं, आणि का म्हटलं हे आपल्याला समजलं असतं, तर तो आणखी मोठा नायक झाला असता.

आमच्या ऑफिसात हा सिनेमा बघून राजीनाम्याची भाषा करणारे मी पाहिलेत. त्यांना कोणी थांबवू नये. पण स्वतःचं काही सुरू करणाऱ्याला गोस्वामीशी कसं लढायचं हे कळून पुरत नाही. बालय्याचा फोन येईल तेव्हा बँकेत किती महिन्यांचे पगार शिल्लक असतील, हे विचारावं लागतं. नकार द्यायला हिंमत लागते, आणि तेवढीच शिल्लकही लागते. सिनेमाने हिंमत दाखवली आणि शिल्लक गाळली.

एअर डेक्कनचं नाव नंतर आपल्याकडेच एकदा परत उडालं होतं. डिसेंबर २०१७मध्ये, सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली, मुंबई-जळगाव मार्गावर, १९ आसनी विमानातून. एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे तेही थांबलं, कर्मचारी बिनपगारी रजेवर गेले. सात महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ‘सूरराई पोट्रू’ ओटीटीवर आला आणि आपण घरी बसून टाळ्या वाजवल्या.