निरूपणाची जागा : ख्रिस्ती मेटलकोअर आणि मराठी ख्रिस्ती भजन

मेटलकोअर हा रॉक संगीताचा एक उपप्रकार असून, हेवी मेटलमधील जड, वेगवान गिटारवादन आणि हार्डकोअर पंकमधील रोखठोक, सामूहिक आरोळी यांच्या मिलाफातून तो १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. त्यात शब्द बहुधा ‘स्क्रीम’ने, म्हणजे घशातून काढलेल्या खरखरीत किंकाळीवजा आवाजाने म्हटले जातात, मधूनच एक सुरेल धृपद येते, आणि गाणे ऐन भरात असताना ‘ब्रेकडाउन’ येतो, म्हणजे लय एकदम निम्म्यावर उतरते व गिटार आणि पायाने वाजवायचा मोठा ड्रम यांचे आघात एकाच वेळी कोसळू लागतात. सैतान, मृत्यू आणि विध्वंस यांच्या प्रतिमांशी ज्या संगीताचे नाव जोडले गेले, ते ख्रिस्ती श्रद्धेचे वाहन व्हावे ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. परंतु बायबलमधील स्तोत्रसंहितेचा मोठा भाग आक्रोशाचाच आहे आणि विलापगीत नावाचे एक स्वतंत्र पुस्तकच त्या ग्रंथात आहे, हे ध्यानात घेतले की किंकाळी ही प्रार्थनेची परकी भाषा उरत नाही.

या वाटेवरचा पहिला गाजलेला प्रयोग कॅलिफोर्नियातील स्ट्रायपर या वाद्यवृंदाचा. १९८० च्या दशकात तो श्रोत्यांमध्ये बायबलच्या प्रती भिरकावीत असे, पण त्याच्या संगीताचा साचा त्या काळच्या लोकप्रिय मेटलचाच होता. खरा बदल घडला तो ब्रँडन एबेल यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या टूथ अँड नेल या ध्वनिमुद्रण संस्थेमुळे आणि तिने जड संगीतासाठी काढलेल्या सॉलिड स्टेट या शाखेमुळे. वेस्ट व्हर्जिनियातील झाओ, पेनसिल्व्हेनियातील ऑगस्ट बर्न्स रेड आणि फ्लोरिडातील अंडरओथ हे वृंद या शाखेतून पुढे आले, आणि ‘ख्रिस्ती असूनही चांगले’ या सवलतीच्या मापाने मोजले जाणे त्यांनी नाकारले.

यांपैकी अंडरओथची वाटचाल या कलाप्रकाराचे बळ आणि त्यातील पेच दोन्ही सर्वाधिक स्पष्ट करते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या वृंदाचे सुरुवातीचे संगीत कच्चे, काळोखे आणि दीर्घ रचनांचे होते. २००३ मध्ये मूळ गायक डॅलस टेलर बाहेर पडला आणि त्याच्या जागी स्पेन्सर चेंबरलेन आला. ड्रमवादक आरन गिलेस्पी सुरेल धृपदे गाऊ लागला, आणि २००४ च्या ‘दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी’ या संग्रहाने वृंदाला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. तोच साचा पुन्हा गिरवणे व्यवहाराच्या दृष्टीने सोपे असूनही, २००६ च्या ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ या संग्रहात वृंदाने सुरेल भाग कमी केला, रचना अवघड केल्या आणि व्यसन, अपराधभाव व कृपेची याचना हे विषय कोणतेही सांत्वन न देता उघडे मांडले. हा संग्रह अमेरिकेतील लोकप्रिय संग्रहांच्या बिलबोर्ड यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. श्रद्धेचे विधान करण्याऐवजी श्रद्धा टिकवण्याची झटापट ऐकू आल्यामुळेच या संगीताला धर्माबाहेरचा श्रोता लाभला, असे मानण्यास भरपूर आधार आहे. गिलेस्पी २०१० मध्ये बाहेर पडला, २०१३ मध्ये वृंद विसर्जित झाला आणि २०१५ मध्ये पुन्हा एकत्र आला. २०१८ च्या ‘इरेज मी’ या संग्रहाच्या वेळी मात्र आपण यापुढे ख्रिस्ती वृंद म्हणून ओळखले जाऊ इच्छित नाही, असे त्याच्या सदस्यांनी जाहीर केले.

या शेवटच्या घटनेकडे केवळ श्रद्धेचा पराभव म्हणून पाहणे उथळ ठरेल. आयोवातील फॉर टुडे हा वृंद नेमक्या उलट टोकाला होता. २००५ ते २०१६ या कारकिर्दीत त्याचा गायक गाण्यांच्या मधे थांबून श्रोत्यांना उघड उपदेश करीत असे. त्या उपदेशाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण रूपाची होती. मेटलकोअरच्या कार्यक्रमात बोलण्याला स्वतःची अशी जागा नसते, त्यामुळे उपदेश सुरू झाला की संगीत थांबते आणि संगीत सुरू झाले की उपदेश विरतो. अंडरओथने अनुभव संगीतात मुरवला, पण तो अनुभव बदलताच ‘ख्रिस्ती’ ही पाटी गळून पडली. फॉर टुडेने पाटी सांभाळली, पण ती संगीताच्या बाहेरच राहिली.

श्रद्धेचा उपदेश आणि कलेचे रूप यांचा मेळ कसा घालावा, हाच प्रश्न मराठी भाषेत फार पूर्वी उभा राहिला आणि त्याचे अधिक समाधानकारक उत्तरही मिळाले. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. बायबलची कथा सांगण्यासाठी त्यांनी ओवीबद्ध पुराणाचे रूप निवडले आणि त्या रूपाची शिस्त पूर्णपणे पाळली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही वारकरी व हरिदासी परंपरांची रूपे ख्रिस्तभक्तीच्या कामी लावली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते; ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या कीर्तीमुळे या कामाची दखल कमी घेतली गेली, हे मराठी समीक्षेचे मोठे दुर्लक्ष होय.

कीर्तनाच्या रचनेतच निरूपणाला, म्हणजे विषय उलगडून सांगण्याला, हक्काची जागा असते. पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान अशी मांडणी असल्यामुळे गायन आणि उपदेश एकमेकांच्या हातून सूत्र घेतात आणि परत देतात. फॉर टुडेला जे अखेरपर्यंत साधले नाही, ते सांगळे आणि टिळक यांना परंपरेनेच दिले होते. अर्थात वारसा आयता मिळाला म्हणून काम सोपे होत नाही. ज्या रूपाच्या प्रत्येक वळणावर विठ्ठलाचे नाव अपेक्षित असते तेथे ख्रिस्ताचे नाव घेताना श्रोत्याचा कान दुखावला जाऊ नये, यासाठी लागणारी भाषेची जाण टिळकांकडे विपुल होती.

वऱ्हाडाच्या संदर्भात हा विचार आणखी पुढे नेता येतो. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस, दारव्हा, पुसद या पट्ट्यात भजन म्हटले की प्रथम आठवते ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन. खंजिरीचा थेट, कोरडा आघात, मुख्य गायकाच्या ओळीवर मंडळाने एका आवाजात दिलेला प्रतिसाद आणि शेवटाकडे चढत जाणारी लय ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. हार्डकोअरमधील सामूहिक आरोळी आणि भजनी मंडळाची साथ यांची जात एकच आहे. उत्कर्षबिंदू गाठण्याची रीत मात्र उलटी आहे. भजन संथ ठाय लयीपासून द्रुत लयीपर्यंत जाते आणि वेगात विरघळते, तर मेटलकोअर वेगातून निघून ब्रेकडाउनच्या संथ, जड आघातांवर कोसळते. पहिल्या रीतीत देहभान हरपते आणि दुसरीत देहाच्या वजनाची जाणीव होते. शोक, राग आणि पश्चात्ताप यांना ही दुसरी रीत अधिक जवळची आहे.

यवतमाळ शहरात १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था तीन दशके तेथे नांदून १९८३ मध्ये पुण्यास गेली, म्हणजे ख्रिस्ती धर्मविचाराचे एक केंद्र दीर्घकाळ खंजिरीच्या हाकेच्या अंतरावर होते. तरीही आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायल्या जाणाऱ्या नव्या गीतांचा बराच भाग इंग्रजी व हिंदी उपासनागीतांच्या चालींवर आणि कीबोर्डच्या मऊ, लांबवलेल्या स्वरांवर उभा असलेला दिसतो. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील टिळकांची गीते अजून गायली जातात, परंतु त्यांच्या पद्धतीने नवे रूप आत्मसात करण्याचे धाडस क्वचितच दिसते. या नव्या गीतांत स्तुती व आभार मुबलक आहेत आणि विलाप जवळजवळ नाही. ज्या जिल्ह्याचे नाव कापूस आणि शेतकरी आत्महत्या यांसह देशभर घेतले जाते, तेथील उपासनेत आक्रोशाला सूर नसावा, ही उणीव कलेइतकीच श्रद्धेचीही आहे.

ही उणीव भरून काढू शकणारी जड संगीताची साधने महाराष्ट्राला परकी राहिलेली नाहीत. मुंबईच्या स्क्राइब या वृंदाने मेटलकोअरला हिंदी चित्रपटांच्या संदर्भांनी स्थानिक रंग दिला, आणि डेमॉनिक रिझरेक्शन या मुंबईच्याच वृंदाने २०१७ मध्ये विष्णूच्या दशावतारांवर संपूर्ण संग्रह रचून धर्मकथा आणि मेटल यांचे भारतीय नाते सिद्ध केले. ख्रिस्ती श्रद्धेचे मेटल बंगळूरच्या स्लेनसारख्या वृंदांनी वाजवले, मात्र त्याची भाषा इंग्रजी राहिली. मराठीसाठी छंदाची सोय तर घरातच आहे. मोठ्या अभंगात, म्हणजे देवद्वार छंदात, सहा सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा आखूड चौथा चरण असतो. हा चौथा चरण कानाची अपेक्षा पुरी होण्याआधीच तुटतो आणि आवर्तनात रिकामी जागा सोडतो. भजनात ती जागा टाळकरी भरून काढतात. ब्रेकडाउनचे आघात पडण्यासाठीही हीच जागा सर्वांत योग्य आहे, आणि मराठी ख्रिस्ती मेटलकोअर लिहू पाहणाऱ्या तरुण वृंदाने इंग्रजी गीतांचे भाषांतर करण्याऐवजी कामाची सुरुवात या चार अक्षरांपासून करावी.