‘महार’ आणि ‘महाराष्ट्र’: एका व्युत्पत्तीची चिकित्सा

महाराष्ट्र म्हणजे महारांचे राष्ट्र, हे विधान आपल्या मेळाव्यांतून आणि शिबिरांतून नेहमी ऐकू येते. त्यावर टाळ्या पडतात. हेच विधान एखाद्या चर्चासत्रात कोणी केले, की विद्वानांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. टाळी देणारे पुरावा तपासत नाहीत आणि हसणारेही तपासत नाहीत. या नावाशी आपल्या इतिहासाचा आणि या भूमीवरील हक्काचा प्रश्न जोडला गेला असल्यामुळे ही तपासणी आपणच केली पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. ही व्युत्पत्ती दलित चळवळीने रचलेली नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिला जोडलेल्या टिपणात जॉन विल्सन या मिशनरी पंडिताने ही शक्यता मांडली. गुर्जरांचे ते गुर्जरराष्ट्र, तसे महारांचे ते महाराष्ट्र, असा त्यामागचा विचार होता. पुढे ज्ञानकोशकार केतकरांनी ‘महार’ आणि ‘रट्ठ’ या दोन समाजांच्या नावांतून हे देशनाम सिद्ध केले. दोघेही महारवाड्याबाहेरचे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी महाराजिक, राष्ट्रिक आणि वैराष्ट्रिक अशा लोकांचा शोध लावून ‘महाराष्ट्रिक’ बनवले. त्यांच्या मताची चिकित्सा गांभीर्याने होते, ‘महार’ शब्द आला की मात्र थट्टा सुरू होते. या थट्टेत भाषाशास्त्र किती आणि गावाची वेस किती, हे वाचकांनी ठरवावे.

तरीही थट्टा करणाऱ्याची वृत्ती दूषित आहे म्हणून आपले विधान खरे ठरत नाही. पुरावा पाहू. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात रठिकांचा उल्लेख येतो. नाणेघाट, कार्ले, भाजे येथील लेखांत ‘महारठी’ ही पदवी आहे. बेडसे येथे पाण्याच्या टाक्यावर एका स्त्रीचे दान कोरलेले आहे. ती महाभोजाची मुलगी आणि स्वतः ‘महारठिनी’ म्हणवणारी. हा एकच लेख मला फार मोलाचा वाटतो. भोज आणि महाभोज, तसेच रठी आणि महारठी. ‘महाभोज’मधला ‘महा’ जसा मोठेपणा सांगतो, तसाच ‘महारठी’तलाही. पाली ‘महावंसा’त महाधम्मरक्खित या भिक्खूला ‘महारट्ठ’ देशी धर्मप्रसारासाठी पाठवल्याचे सांगितले आहे. इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीला ९९ हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा स्वामी म्हटले आहे. ‘महार’ आणि ‘रट्ठ’ जोडायचे तर एक ‘र’ गाळावा लागतो. ‘महा’ आणि ‘रट्ठ’ जोडताना काहीच गाळावे लागत नाही. रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये रट्ठ आणि महारट्ठ अशी परंपरा लावली. तिच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे.

हे मान्य केल्याने आपले काही हरवते काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. शब्द फोडून माणसाची योग्यता ठरवण्याचा खेळ आपल्यावर कसा उलटतो, हे आपण अनुभवले आहे. ‘महार’ म्हणजे ‘मृताहार’, मेलेले खाणारा, ही व्युत्पत्ती याच भांडारकरांच्या नावावर सांगितली जाते. ज्या समाजाला मेलेली गुरे ओढायला लावली, त्याच्यावर लादलेले काम त्याच्या नावाचे मूळ म्हणून चिकटवायचे, हा या विद्वत्तेचा नमुना. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) याच शब्दाचा अर्थ ‘महाअरि’, म्हणजे मोठा शत्रू, असा लावला. जोतीरावांचे विधान व्याकरणाच्या कसोटीवर टिको न टिको, पराभूतांना त्यांनी लढवय्ये म्हणून उभे केले, हे त्याचे सामर्थ्य. पण चळवळीचे हत्यार आणि इतिहासाचा पुरावा यांची गल्लत करून चालणार नाही. १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना विचारलेला एक मुख्य प्रश्न असा: अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांची दृष्टी जागेवर होती. आपणही तिथेच पाहिले पाहिजे.

‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण घ्या. चांगल्याबरोबर वाईट असायचेच, अशा अर्थाने सवर्ण समाज ती वापरत आला. पण तिच्यातला तिरस्कार बाजूला काढला तर एक साक्ष उरते: या प्रदेशात महारांशिवाय गाव बसत नव्हते. वेशीची राखण, सारा तालुक्याला पोचवणे, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवणे ही कामे महारांची. गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याला वेशीच्या आत घर नव्हते! हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी, त्यांच्या बदल्यात राबवून घेतलेल्या पिढ्या, १९२८ साली वतन कायद्यात दुरुस्तीसाठी बाबासाहेबांनी मांडलेले विधेयक, १९५८ च्या कायद्याने झालेला वतनांचा शेवट, हा सारा इतिहास शेतांच्या नावांत आणि जुन्या दप्तरांत पडून आहे. पुलकेशीची प्रशस्ती ९९ हजार गावे मोजते, त्यांच्या शिवा कोणी राखल्या ते सांगत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे पुढे आली. या निर्णयाचे मी स्वागत करतो. नावासाठी आपण काय सोसले, हे नामांतराच्या लढ्याने जगाला दाखवले आहे. १९७८ चा ठराव प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडावे लागले. म्हणूनच सांगतो, पाटी बदलताना जुन्या नावामागचा वृत्तांत पुसला जाऊ नये. महारवाडा कोणत्या दिशेला होता, पाणवठा कोणता होता, हाडोळा कोणाच्या ताब्यात गेला, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावापुरते एवढे टिपून ठेवले, तरी ‘महाराष्ट्र’ शब्दाच्या दहा व्युत्पत्तींहून ते मोलाचे ठरेल.

या भूमीवर आपला हक्क आहे, पण तो तिच्या नावात आपले नाव दडले आहे म्हणून नव्हे. तिच्या शिवारात आपला घाम मुरला आहे, आणि त्याची नोंद अजून कोणी नीट केलेली नाही. ती आपण करू या.