तिकीट, पंच आणि वाहकाचा हात : आणिक आगारातील बेस्ट संग्रहालयाचे वाचन

संग्रहालय हीदेखील एक संहिता असते. तिच्यात निवड असते, क्रम असतो, गाळलेल्या जागा असतात. म्हणून कथा-कादंबरीप्रमाणे तिचीही समीक्षा करता येते. प्रस्तुत टिपणात मुंबईच्या आणिक आगारातील बेस्ट उपक्रमाच्या संग्रहालयाचे असे वाचन करावयाचे आहे. शहराच्या रोजच्या जगण्याचा इतिहास सांगणारे हे संग्रहालय विनामूल्य आहे. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसते.

या उदाहरणाकडे वळण्याआधी एक फरक लक्षात घ्यावा. म्हैसूर विद्यापीठाने मानसगंगोत्रीत, जयलक्ष्मीविलास वाड्यात, लोकजीवनाचे संग्रहालय उभारले आहे. पिरियापट्टणसारख्या तालुक्यातल्या घरात सापडेल असा नांगर, धान्याचे माप किंवा मुखवटा तिथे ‘लोकसंस्कृती’ म्हणून मानाने बसतो. शहरातल्या बस-वाहकाचा तिकीट पाडायचा पंच मात्र लोकसंस्कृती ठरत नाही. तो भंगारात जातो. खेड्यातली जुनी वस्तू वारसा आणि शहरातली जुनी वस्तू अडगळ, ही समजूत आपल्या अभ्यासक्रमांतही मुरलेली आहे. बेस्टच्या संग्रहालयाचे पहिले मोल असे की, ते ही समजूत मानत नाही.

तिथे काय पाहायला मिळते? ट्राम आणि बसगाड्यांच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकीट देण्याची यंत्रे, छायाचित्रे, शिवाय उपक्रमाच्या वीजपुरवठ्याच्या बाजूची काही सामग्री. मुंबईत घोड्याची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. विजेवरची ट्राम १९०७ मध्ये आली, दुमजली ट्राम १९२० मध्ये. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली ट्राम शेवटची ठरली. एवढा सनावळीचा सांगाडा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवला म्हणजे पुरे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हे ट्रामच्या अकरा वर्षे आधीचे, तर आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) ट्राम शहरात रुळल्यानंतरचा. ही दोन पुस्तके जवळ ठेवून संग्रहालय पाहिल्यास प्रतिकृतींना भोवतालचे रस्ते आणि माणसे मिळतात.

आता एकाच वस्तूपाशी थांबू : तिकीट. १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे तीन आणे होते आणि सुरुवातीला तिकीट दिलेच जात नव्हते. पैसे द्यायचे, बसायचे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि त्यानंतर फुकट प्रवासाला आळा घालण्यासाठी तिकीट सुरू झाले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. तीन आणे ही रक्कम मजुराच्या रोजाच्या मानाने जड होती. भाडे उतरले की गाडीत चढणाऱ्यांचा वर्ग बदलणार, हे उघड आहे. आणि नेमक्या त्याच सुमारास कागदाचा कपटा मध्ये येतो. म्हणजे तिकीट ही केवळ पावती नव्हे. प्रवाशाने पैसे दिले का, आणि घेतलेले पैसे वाहकाने कंपनीकडे जमा केले का, या दोन्ही संशयांतून त्याचा जन्म झाला. गाडीत शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हे भाडे घेताना विचारायचे कारण नव्हते; भाडे भरले का, एवढेच विचारले जाई. जुन्या ओळखी पुसणारी आणि नवा अविश्वास रुजवणारी अशी ही चिठ्ठी आहे. सामाजिक इतिहास शिकवण्यासाठी मला याहून सोपी वस्तू दुसरी दिसत नाही.

पुढच्या काळातले बसचे तिकीट तर वाचायलाच हवे. त्यावर क्रमांक, भाड्याची रक्कम आणि टप्प्यांचे आकडे. पंचाने भोक पडे ते ठरावीक आकड्यावर, त्यावरून तपासनिसाला कळे की हा प्रवासी कुठपर्यंत जाऊ शकतो. निरनिराळ्या रंगांच्या गड्ड्या पत्र्याच्या पेटीत उभ्या लावलेल्या, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात पंच. पाळी संपली की तिकिटांच्या क्रमांकांवरून हिशेब, आणि त्यात तूट आली तर ती वाहकाच्या माथी. गच्च भरलेल्या गाडीत, दोन थांब्यांच्या मधल्या अवधीत हे सारे करायचे. सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी त्यात धरलेलीच नाही!

इथे संग्रहालयाची मर्यादा दिसते. कपाटातला पंच मुका असतो. वाहक तो पेटीच्या कडेवरून फिरवून जो टकटक आवाज काढी, तो ऐकला की झोपलेला प्रवासीही खिशात हात घाली. तो आवाज, ‘पुढे चला, पुढे चला’ ही हाक आणि दोरी ओढून दिलेली दुहेरी घंटा ही कामाची भाषा होती. वस्तू मांडली, पण तिच्याशी जोडलेला हात आणि गळा मांडला नाही, तर पाहणाऱ्याला यंत्राचे नवल वाटते. काम कळत नाही. या संग्रहालयाचे सुदैव असे की, माहिती सांगणारे बेस्टचेच कर्मचारी असतात, आणि पाटीवर न मावणारे बरेच काही त्यांच्या बोलण्यातून मिळते. पण बोलणे माणसाबरोबर निवृत्त होते. कपाटांची यादी होते, तशी या सांगण्याची नोंद व्हायला हवी.

दुसरी मर्यादा स्वभावाचीच आहे. संस्थेने स्वतःविषयी मांडलेल्या इतिहासाचा कल प्रगतीकडे असतो : घोडा, वीज, इंजिन, दुमजली गाडी. त्या क्रमात संप कुठे बसवायचा? जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचे कर्मचारी ८ ते १६ तारखेपर्यंत, सलग नऊ दिवस संपावर होते आणि शहराला बस म्हणजे काय ते त्या नऊ दिवसांत कळले. ट्रामची प्रतिकृती जितकी संग्राह्य, तितकेच त्या संपातले पत्रकही.

तुलनेसाठी दोन संग्रहालये घेऊ. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथल्या मातीच्या छोट्या मूर्तींत मुंबईचे धंदे आणि जातीजमाती दिसतात. कारागिरी फार सुंदर आहे; परंतु तिथे माणूस नमुना होऊन उभा असतो, पगडीवरून ओळखायचा. आणिक आगारात उलटे घडते : माणूस नाही, त्याचे अवजार आहे. एडिंबरोच्या कॅननगेट भागातले ‘द पीपल्स स्टोरी’ हे १९८९ मध्ये सुरू झालेले, तेही विनामूल्य, संग्रहालय कामगार संघटनांची निशाणे आणि सामान्य रहिवाशांच्या तोंडच्या आठवणी यांवर उभे आहे. तिथे माणूस स्वतः बोलतो. मराठीत कामगारांच्या आठवणींना तोटा नाही. त्या भिंतीवर आणायचे मनावर घेतलेले नाही, इतकेच.

‘विनामूल्य’ या शब्दाकडेही जरा संशयाने पाहावे. संग्रहालय चालत्या आगारात आहे. त्यामुळे बाहेर खऱ्या बसगाड्या आणि आत त्यांचे पूर्वज, अशी दुर्मीळ जोडी मिळते, आणि मला ती एखाद्या देखण्या इमारतीपेक्षा मोलाची वाटते. पण ते दिवसाच्या कामाच्या वेळात उघडे असते, आणि ज्यांचा हा इतिहास, ते त्या वेळी कामावर किंवा बसच्या रांगेत असतात. शिवाय आगाराच्या फाटकातून आत जायला आपल्याला मुभा आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. तिकीट नाही म्हणून दार उघडेच असते असे नाही.

हा प्रश्न आज तातडीचा का, ते सांगतो. १९३७ पासून धावणाऱ्या डिझेलवरच्या दुमजली बसगाड्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. निरोपाला फुले घेऊन माणसे जमली. त्याच काळात कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरील गाड्या वाढत गेल्या, कागदी तिकिटाची जागा यंत्राने आणि मग मोबाइलने घेतली. गाडीसाठी फुले वाहिली गेली. पत्र्याची पेटी मात्र कुणाच्या लक्षात येण्याआधीच गेली. मोबाइलवरच्या तिकिटाचे पुढे काय मांडणार, याचे उत्तर कोणत्याच संग्रहालयाजवळ तयार असेल असे वाटत नाही.

स्वाध्याय : आपल्या गावच्या बसस्थानकावर जाऊन एका निवृत्त वाहकाशी बोला, भाषा कन्नड असो वा मराठी. हिशेबात तूट आली तेव्हा काय केले, सर्वांत गर्दीचा टप्पा कोणता होता आणि कामाची कोणती वस्तू घरी जपून ठेवली आहे, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. वस्तू दाखवली, तर तिचे माप घ्या आणि ती हातात कशी धरायची तेही त्यांच्याकडून शिकून लिहा.