पर्यटनव्यवस्थापनाची परिभाषा: नाशिकच्या संदर्भात एक परीक्षण

उद्याने, मोकळ्या जागेतील करमणूक आणि पर्यटन यांचे व्यवस्थापन हा विषय आता विद्यापीठीय अभ्यासक्रमांत स्थिरावला आहे. महाराष्ट्र शासनाने १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन केले; १९८३ साली केंद्र शासनाची या विषयाच्या शिक्षणाला वाहिलेली संस्था उभी राहिली. शास्त्र नवे असले म्हणजे त्याची परिभाषाही नव्याने घडवावी लागते. मराठीत ती बहुतांशी इंग्रजी संज्ञांच्या भाषांतराने घडत आहे. या परिभाषेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. प्रश्न केवळ शब्दांच्या शुद्धाशुद्धतेचा नाही. एखाद्या स्थळाला आपण जे नाव देतो, त्यातूनच तेथे कोणी कसे वागावे याची अपेक्षा निर्माण होते, आणि पुढे व्यवस्थापकही त्या नावाच्या मर्यादेतच विचार करू लागतो.

प्रथम 'राष्ट्रीय उद्यान' आणि 'अभयारण्य' ही जोडी पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार हे दोन्ही संरक्षित प्रदेशांचे प्रकार असून त्यांपैकी पहिल्यावरील निर्बंध अधिक कडक आहेत. परंतु मराठी कानाला 'उद्यान' म्हणजे बाग. हिरवळ, बाके आणि मुलांचे खेळ यांची जागा. अर्थात् कायद्याने जेथे अधिक संयम अपेक्षिला, तेथे शब्दाने अधिक सैलपणा सुचविला. 'अभयारण्य' हा शब्द याउलट, तेथे भय कोणाला नसावे हे सांगतो. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचून पाणथळ निर्माण झाली, पक्षी आले, आणि २०२० साली या स्थळाला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. तेथे 'अरण्य' नाममात्रच आहे, तरी 'अभय' हे पद सार्थ आहे. पाहुण्याचे कर्तव्य त्या एका पदातून जेवढे कळते, तेवढे सूचनाफलकांतून कळणे कठीण.

दुसरी संज्ञा 'करमणूक'. या शब्दात वेळ घालविण्याचा भाव प्रधान आहे. श्रमलेल्या मनुष्याने पुन्हा ताजेतवाने होणे हा 'रिक्रिएशन'मधील भाव त्यात उतरत नाही. येथे नाशिकच्याच पांडवलेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील लेख दहाव्या लेण्यात कोरलेला आहे. त्यात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे बांधलेल्या निवासस्थानांचा, आराम, तडाग व उदपान यांचा, तापी, दमण आदी नद्यांवरील बिनमोबदला नावांचा आणि नदीतीरी ठेवलेल्या सभा व प्रपा यांचा उल्लेख आहे. येथे 'आराम' म्हणजे उद्यान. विश्रांती या अर्थाचा आजचा 'आराम' फारसीतून आला. 'प्रपा' मात्र आपल्या 'पाणपोई'तील 'पोई'त अद्याप नांदते. विशेष हे की या यादीत उद्यान, पाणी, मुक्काम आणि नदीपार जाण्याची सोय ही एकाच कृत्याची अंगे मानली आहेत. आपण ज्याला आज व्यवस्थापन म्हणतो त्याचा आशय या भूमीत अठराशे वर्षांपूर्वीच शब्दबद्ध झालेला होता.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा 'पर्यटक' व 'यात्रेकरू' यांच्या विभागणीचा. नव्या परिभाषेच्या केंद्रस्थानी पर्यटक आहे. यात्रेकरू 'धार्मिक पर्यटन' या उपप्रकारात येतो. नाशिकात मात्र मोकळ्या आकाशाखाली जमणारा सर्वांत मोठा समुदाय यात्रेकरूंचाच असतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगाच्या विवेचनासाठी पर्यटनशास्त्र 'वहनक्षमता' ही संज्ञा पुढे करते. ती निरुपयोगी नाही. परंतु ती जागेचा विचार आधी आणि काळाचा मागाहून करते. काळासाठी या शास्त्राजवळ 'हंगाम' हा शब्द आहे. पण हंगाम सवलती देऊन लांबविता येतो, पर्वणी लांबविता येत नाही. त्याच दिवशी, त्याच कुंडात स्नान घडावे ही श्रद्धा हाच येथील मूळ घटक होय. म्हणूनच २०१५ च्या सिंहस्थासाठी रामकुंडाखेरीज अन्यत्रही घाट बांधण्यात आले, तेव्हा खरा प्रश्न यात्रेकरू त्या घाटाला 'तीर्थ' मानील काय, हा होता. 'पर्वणी' आणि 'तीर्थ' यांचा अर्थ ज्याने अभ्यासिला नाही, त्याला हा प्रश्न केवळ चौरस मीटरचा वाटेल.

स्थानिक भाषेतील ज्ञानाचे आणखी एक उदाहरण देतो. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. गोदाकाठचा मनुष्य मात्र पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, हे विचारतो. एक माप विसर्गाचे आहे, दुसरे धोक्याचे. दोहोंची सांगड घालणे हे व्यवस्थापकाचे काम. त्यासाठी त्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत.

यावर असा आक्षेप येईल की, परिभाषा सर्वत्र एकरूप असावी. प्रत्येक क्षेत्राने आपले शब्द आणले तर शास्त्रच उरणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले ते अशाच एकरूपतेच्या गरजेतून. तथापि, एकरूप संज्ञा ही निरीक्षणाच्या अंती यावी, आरंभी नव्हे. या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधास हात घालण्यापूर्वी आपल्या स्थळाचा शब्दसंग्रह नावाडी, पुरोहित, फुलवाले, वनरक्षक आणि यात्रेकरू यांच्या तोंडून गोळा करावा, आणि मगच कोणती संज्ञा कोठे पुरते व कोठे अपुरी पडते हे ठरवावे. २०२७ चे सिंहस्थ जवळ आहे. घाटावर उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला लोक काय म्हणतात हे कळले नाही, तर तो जे सांगेल तेही लोकांना कळणार नाही.