देवळालीची लष्करी दफनभूमि व केन्यनचें निवेदन : एक परीक्षण

नाशिकनजीक देवळाली छावणीची दफनभूमि पाहावयास आम्ही गेलों, तेव्हां सर फ्रेडरिक केन्यन यांचें युद्धसमाधींविषयींचें १९१८ चें निवेदन आमच्या समोर होतें. निवेदनांतील तत्त्व स्थळीं कितपत उतरलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

केन्यन हे ब्रिटिश म्युझियमचे संचालक व हस्तलिखितांचे मर्मज्ञ. अ‍ॅरिस्टॉटलचा अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ पपायरसांवरून त्यांनींच १८९१ त प्रथम छापला. हुद्दा अगर संपत्ति न पाहतां प्रत्येक मृतास एकाच मापाचा दगड द्यावा, ही त्यांची शिफारस. तत्त्व थोर आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो अंमलाविषयीं.

देवळालीची छावणी १८६१ तील. विलायतेहून येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या शिपायांचा हा मुक्काम. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाकडील आजारी व जखमीही येथील इस्पितळांत येत. त्यांपैकीं येथें वारलेल्या कित्येकांचीं नांवें आज खडकीच्या स्मारकावर आढळतात. ज्यांच्या कबरींची निगा राखणें अशक्य झालें, अशा अठराशेंहून अधिक सैनिकांचीं नांवें तेथें एकत्र कोरलीं आहेत. नांव टिकलें हें खरें. पण देह एका गांवीं व लेख दुसऱ्या गांवीं, असें झालें. पोथीची नक्कल करतांना लेखनस्थळ गाळणाऱ्या लेखकूस आपण जो दोष देतों, तोच येथें द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या हिंदु शिपायाचें दहन झालें, त्याचा दगड दफनभूमींत असणार नाहीं. सबब कबरी म्हणजे मृतांचा हजेरीपट नव्हे. कूतच्या वेढ्यांत (१९१५-१६) १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. पण १९२९ त उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं, साध्या शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. समाधि-आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानें कबूल केलें कीं, ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण असमान रीतीनें झालें व निदान १,१६,००० जणांचें नांवानिशीं झालेंच नाहीं. त्यांत हिंदी व आफ्रिकी सैनिकांचा भरणा मोठा. केन्यनचें तत्त्व हुद्द्याच्या भेदावर चाललें, वर्णाच्या भेदापाशीं अडखळलें.

तेव्हां अभ्यासकांस आमची सूचना अशी : देवळालीचा प्रत्येक लेख जागेवरच, ओळीच्या अनुक्रमासह उतरून घ्यावा व ब्रिटिश लायब्ररींतील मुंबई इलाख्याच्या दफननोंदींशीं ताडावा. परंतु त्या नोंदी ख्रिस्ती मृतांच्या. आपल्या शिपायासाठीं गांवोगांवचे महायुद्धाचे फलक, घरोघरचे पेन्शनचे कागद व पदकें हींच साधनें. रुपेरी युद्धपदकाच्या कडेवर नंबर, नांव व पलटण कोरलेली असते. ज्याचें नांव दगडावर आलें नाहीं, त्याचा कदाचित् तोच एक शिलालेख. तें पदक चांदीच्या भावानें मुशींत जाण्यापूर्वीं त्याची नक्कल घ्यावी.