'सोशिक' या शब्दाच्या शोधात

शब्द हाती असला म्हणजे कोश त्याचा अर्थ सांगतो. परंतु अर्थ मनात दाटून आला आहे आणि शब्द मात्र सापडत नाही, अशा वेळी वाचकाने काय उघडावे? १८३१ साली प्रथम निघालेला मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आपल्याकडील जुन्या ग्रंथसंग्रहांत आदराने जपलेला असतो. पण त्याचीही वाट शब्दाकडून अर्थाकडे जाते. इंग्रजीपुरती उलटी वाट डॉ. पीटर मार्क रॉजे यांनी १८५२ साली 'थिसॉरस' या ग्रंथाने बांधून दिली. अर्थ धरून या आणि शब्द घेऊन जा, असे त्या ग्रंथाचे आमंत्रण आहे. त्याच्या गुणदोषांचा विचार करण्यास आम्हांस एक घरगुती प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या एक वृद्ध काकी प्रभुवासी झाल्या. त्यांचा नातू परदेशात वाढलेला. मराठी त्याला समजते, पण वाचता येत नाही. सांत्वनाचे पत्र इंग्रजीत लिहिणे भाग होते. काकींविषयी आमच्या मनात एकच शब्द होता : सोशिक. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी चार मुले होती. वाडीला पाणी द्यायचे, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा आणि सायंकाळी रोझरीला सर्वांना एकत्र बसवायचे, हा त्यांचा नेम कधी चुकला नाही. तक्रारीचा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकला नाही. मात्र कोणावर अन्याय होताना दिसला, की समोर कितीही मोठा माणूस असो, त्या बोलल्याशिवाय राहत नसत.

'पेशंट' हा इंग्रजी शब्द आम्हांस अपुरा वाटला, म्हणून आम्ही थिसॉरस उघडला. शब्दांच्या रांगेत 'सबमिसिव्ह' दिसला. तो भारदस्त वाटला, म्हणून लिहून टाकला. पत्र पोहोचल्यावर नातवाचा फोन आला. "काका, माझी आजी सर्वांपुढे मान तुकवत असे, असे तुम्हांला म्हणायचे आहे का?" आम्ही निरुत्तर झालो.

दोष कोणाचा? ग्रंथाचा की आमचा?

रॉजे हे पेशाने वैद्यक. १७७९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी १८०५ साली केवळ स्वतःच्या सोयीसाठी शब्दांची एक वर्गवार यादी केली होती. पुढे अनेक वर्षे ते रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. त्या कामातून मोकळे झाल्यावर त्यांनी जुनी यादी पुन्हा हाती घेतली आणि वयाच्या ७३ व्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सहा मोठे वर्ग आणि एक हजार शीर्षके आहेत. पहिले शीर्षक अस्तित्वाचे, तर शेवटचे देवालयाचे. परस्परविरोधी कल्पना समोरासमोरच्या स्तंभांत मांडल्या आहेत. एका माणसाने भाषेचे अवघे घर असे आवरून ठेवावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आपल्या वाचकांना कौतुक वाटावे अशी आणखी एक गोष्ट रॉजे यांनी प्रस्तावनेत नमूद केली आहे. कल्पनांच्या क्रमाने शब्द मांडण्याचा सर्वांत जुना प्रयत्न म्हणून ते संस्कृतातील 'अमरकोशा'चे नाव घेतात. कोलब्रुक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ साली श्रीरामपूर येथे छापले गेले होते. अमूर्त कल्पनांची तेथील वाटणी रॉजे यांना गोंधळाची वाटली. परंतु समुद्र, नगरे, वनस्पती, प्राणी यांच्या वर्गवारीचे महत्त्व त्यांनी मान्य केले.

आता ग्रंथाची मर्यादा. तो शब्दांचा शेजार दाखवतो, स्वभाव सांगत नाही. जुन्या आवृत्त्यांत सहनशीलता, धैर्य, शरणागती आणि निमूटपणा यांचे शब्द एकाच परिच्छेदात दाटीने बसलेले आढळतात. 'ह्युमिलिटी' म्हणजे नम्रता. तिच्याच दाराशी 'ह्युमिलिएशन' म्हणजे मानहानीही उभी असते. एका आळीत राहणारी माणसे एकाच वृत्तीची असतात, असे कोण म्हणेल? शिवाय शब्दाचे वयही यादीत कळत नाही. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये 'लाँगसफरिंग' हे पवित्र आत्म्याचे फळ म्हणून येते. आजच्या बोलण्यात तोच शब्द त्रासलेल्या नवऱ्याविषयी थट्टेने वापरला जातो.

रॉजे यांनी व्याख्या जाणूनबुजून दिल्या नाहीत. वाचकाची उपजत जाण योग्य शब्द निवडील, असा त्यांचा भरवसा होता. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याबाबत तो रास्तच होता. परंतु आपण इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. हा ग्रंथ विसरलेल्या ओळखीच्या माणसाची आठवण करून देतो. अनोळखी माणसाच्या चारित्र्याची हमी देत नाही. ती हमी आम्ही त्याच्याकडून गृहीत धरली, ही आमची चूक.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. 'क्रिस्तपुराणा'त त्यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. त्यांची वाट आपल्या उलट दिशेची होती, पण अडचण तीच. तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला, तेव्हा त्यांना गोव्यात येऊन सदतीस वर्षे झाली होती. कोणता शब्द ऐकणाऱ्याच्या मनात काय जागे करील, हे अशा सहवासाने कळते, यादीने नव्हे.

मग थिसॉरस मिटून ठेवावा काय? मुळीच नाही. ज्यांची मुले इंग्रजीत लिहितात त्यांनी तो घरी अवश्य ठेवावा. मात्र त्यातून उचललेला प्रत्येक नवा शब्द आधी साध्या कोशात पाहावा आणि चांगल्या लेखकाच्या वाक्यात भेटल्यावाचून वापरू नये. ग्रंथाच्या पूर्ण नावात शब्दांबरोबर वाक्प्रचारांचाही उल्लेख आहे, हेही विसरू नये. एका शब्दात न मावणारी कल्पना चार शब्दांत सांगण्यात कमीपणा नाही.

त्या नातवाला आम्ही दुसरे पत्र लिहिले. या वेळी मोठा शब्द शोधला नाही. तुझ्या आजीने पुष्कळ सोसले, पण मान कोणापुढे वाकवली नाही, एवढेच साध्या इंग्रजीत लिहिले. मासिक स्मरणाच्या मिस्सानंतर ते वाक्य त्याने तिकडच्या नातलगांना वाचून दाखवले, असे त्याने कळवले. 'सोशिक' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द आम्हांस अजून सापडलेला नाही. काकी मात्र त्या वाक्यात सापडल्या.