जुन्या बागा आणि धातुशोधक यंत्र

जुन्या वस्तूंचा शोध करणारांच्या हातीं अलीकडे एक नवें साधन आलें आहे. धातुशोधक यंत्राच्या वेटोळ्यांतून वीज खेळविली कीं त्याच्या भोवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. जमिनींत धातु असल्यास तींत प्रवाह उठतो आणि यंत्र आवाज देतें. मग वीतभर माती उकरावी, नाणें उचलावें आणि पुढें चालावें. या रीतीस कोणी इतिहाससंशोधन म्हणत असेल, तर त्या नांवास आमची हरकत आहे. ती अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) येथील जुन्या बागांच्या आधारें येथें मांडतों.

हें शहरच मुळीं बागेंतून वाढलेलें आहे. अहमद निजामशहानें इ. स. १४९० त बहामनी सैन्याचा पराभव केला, त्या जागीं बाग निजाम लावली. १४९४ त शहराचा पाया घातला. बागेच्या जागीं पुढें किल्ला उभा राहिला. शहराबाहेरील फराहबाग १५८३ त पुरी झाली. तेथील तळ्याच्या मध्यभागीं बांधलेला महाल पडक्या स्थितींत अद्याप उभा आहे. भोवतालची बाग मात्र गेली. अशा गेलेल्या बागेचा इतिहास कशांत असतो? खापरी नळांत, चुन्याच्या गिलाव्यांत, वाफ्यांच्या विटांत, तळ्याच्या गाळांत. यांपैकीं एकहि वस्तु त्या यंत्रास ऐकूं येत नाहीं. त्यास ऐकूं येतें तें कोणाच्या कनवटीचें गळालेलें तांब्याचें नाणें. आणि तें काढतांना विटांची ओळ मोडली तर तिची दाद कोणाकडे मागावी?

नाण्यावर टांकसाळ व साल वाचतां येत असतां जागा कशास हवी, असा आक्षेप संग्राहक घेतील. त्यास उत्तर असें कीं, नाणें पाडलें केव्हां हें नाणें सांगतें. तें पडलें केव्हां हें माती सांगते. फरसबंदीखालीं अस्पर्श थरांत नाणें मिळालें, तर फरसबंदी त्या नाण्यानंतरची ठरते. तेंच नाणें खिशांतून आलें, तर कांहींच ठरत नाहीं.

याचें मोठें उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. प्रवरेकांठच्या दायमाबाद येथें १९७४ त एका शेतकऱ्यास झाडाच्या मुळाशीं खणतांना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार ब्राँझच्या वस्तु मिळाल्या. त्यांचें वजन साठ किलोंहून अधिक. साळी यांनीं तेथें पुढें १९७५ ते १९७९ पर्यंत उत्खनन केलें. परंतु या वस्तु शास्त्रीय रीतीनें थरांतून निघालेल्या नव्हत्या. म्हणून बहुतेक विद्वान त्या उत्तर-हडप्पाकालीन मानीत असतां, धर्मपाल अग्रवाल यांनीं धातूंतील सोमलाचें एक टक्क्याहून अधिक प्रमाण पाहून त्या बऱ्याच अलीकडील असाव्यात असा संशय घेतला. शेतकऱ्यास दोष नाहीं. तो इतिहास शोधीत नव्हता. जो शोधावयास निघतो त्याची गोष्ट वेगळी.

किल्ल्यांत १९४२ ते १९४५ बंदींत असतां पंडित नेहरू फुलझाडांसाठीं जमीन खणीत. जुन्या भिंती व घुमटांचे माथे त्यांस लागले; खोल खणण्याची परवानगी नव्हती. एकदां दगडांत कोरलेलें कमळ दिसलें. तें भिंतीच्या अंगास, बहुधा दारावर होतें, एवढें त्यांनीं लिहून ठेविलें. या एका नोंदीमुळें तें कमळ इमारतीचें राहिलें.

आम्ही स्वतः या दोषांतून मुक्त नाहीं. शाळेंत असतां एका विद्यार्थ्यानें जुन्या बागेच्या बाजूस सांपडलेलीं चार तांब्याचीं नाणीं आम्हांस आणून दिलीं. तीं चिंचेनें घासून, तोलून, अक्षरें लावून आम्हीं वहींत उतरलीं. नेमकीं कोठें सांपडलीं एवढें मात्र विचारलें नाहीं. आज वही आहे, नाणीं आहेत. पण बागेविषयीं तीं मुकीं आहेत.

निधि सांपडल्यावर न कळविणारा उघडकीस आल्यास त्याजकडून निधि व दंड दोन्ही घ्यावे, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. १८७८ चा निखात निधि कायदा दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची वर्दी कलेक्टरास देण्यास लावतो. १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्मारकाच्या जागीं परवानगीवांचून खणतां येत नाहीं. परंतु कायद्याच्या आधीं संग्राहकाचा हात आहे. विकत घेणारा असतो म्हणून उकरणारा निघतो.

यंत्रावर आमचा रोष नाहीं. उत्खननांत बाहेर टाकलेल्या मातीवर तें फिरविल्यास नजरचुकीनें गेलेलें नाणें परत मिळतें. तें त्याचें योग्य काम होय. आमच्या संग्राहक मित्रांस विनंति एवढीच : नाणें हातीं घेण्यापूर्वीं कोठें, किती खोल व कशाच्या शेजारीं, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर नसेल तर नाणें कितीहि सुबक असो, घेऊं नये. आम्हीं घेतलें, त्याचा पश्चात्ताप वर लिहिलाच आहे.